मेडिकलच्या काउंटरवरची शुगर

नगर शहरात दिल्लीगेटपासून सावेडीपर्यंत फिरा, नाहीतर तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर उभे राहा. एखाद्या तरी मेडिकलच्या काचेवर ‘शुगर तपासून मिळेल’ असा कागद चिकटवलेला दिसतो. बाजारच्या दिवशी माणूस डोकेदुखीची गोळी घ्यायला जातो, आलोच आहे तर बघू म्हणून बोट पुढे करतो आणि काही सेकंदांत मशीनवर आकडा येतो : १७८. मेडिकलवाला म्हणतो, ‘थोडी वाढलीय, काका.’ काका म्हणतात, ‘मग द्या एखादी गोळी.’ इथवर सगळे ठीक चालले होते; घोळ होतो तो या शेवटच्या वाक्यापाशी. हाच १७८ सकाळी उपाशीपोटी आला असेल तर गोष्ट गंभीर आहे. रसवंतीवर ग्लासभर रस पिऊन अर्ध्या तासाने आला असेल तर त्यावरून लगेच काही ठरवता येत नाही. आणि नुकतीच द्राक्षे खाऊन न धुतलेल्या बोटातून आला असेल तर तो बाजूला ठेवून हात धुऊन पुन्हा तपासायचा.

मेडिकलमध्ये शुगर तपासू नका, असे सांगणाऱ्यांतला मी नाही. जिल्ह्याचे चौदा तालुके, क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या टोकाच्या माणसाला लॅब गाठायची तर अर्धा दिवस मोडतो. मेडिकल मात्र बाजाराच्या वाटेवर असते. तिथे पहिली चाहूल लागत असेल तर लागू द्या. मात्र तपासणी नीट झाली पाहिजे आणि त्या आकड्यावर पुढे कुठे जायचे हे माहीत असले पाहिजे.

तपासायचे कोणी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) ‘इंडियाब’ हा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत ‘बॉर्डरवर’ आहेत. त्यांतल्या पुष्कळांना काहीच होत नसते. सारखी तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणे, वजन उतरणे, जखम न भरणे, पायाला मुंग्या, जांघेत किंवा गुप्तांगाला खाज, अंधुक दिसणे ही लक्षणे दिसू लागली म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. त्यामुळे लक्षणांची वाट बघू नका. तिशी ओलांडली की एकदा तपासा. सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रमही तिशीपासूनच तपासणी करतो.

आपला धोका किती, हे घरबसल्या मोजायला शिंप्याची टेप पुरते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संशोधन संस्थेने भारतीयांसाठी एक साधी गुणपद्धत तयार केली आहे. वय पस्तिशीच्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी पार असेल तर ३०. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांत ८० च्या आत असेल तर शून्य. त्यावर दहा सेंटिमीटरपर्यंत गेला तर १०, त्याहून पुढे २०. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचे काम दोन्ही असेल तर शून्य, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. आता ५२ वर्षांचा शेतकरी घ्या. वयाचे ३०, पोट थोडे सुटलेले, घेर ९४, त्याचे १०. शेतात राबतो पण वेगळा व्यायाम नाही, २०. आईला शुगर, १०. झाले ७०. या गृहस्थांनी पुढच्या बाजाराची वाटही बघू नये.

‘मी तर काटकुळा, मला कशाची शुगर?’ हे वाक्य आपल्या भागात फार ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच समजुतीवर आयुष्यभर काम केले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा मागोवा घेतला. वजनाला कमी असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असते, असे त्यातून पुढे आले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा वजनकाट्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा कमरेला टेप लावा.

काउंटरवर

मेडिकलमध्ये गेल्यावर पहिले काम म्हणजे हात धुणे. दुकानात नळ नसतो, म्हणून शेजारच्या हॉटेलच्या बेसिनवर साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. यावर मी अडून बसतो, कारण ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते आणि सगळ्यांत जास्त घोटाळाही हीच करते. केळे, आंबा, द्राक्षे हाताळलेल्या बोटावर साखरेचा पातळ थर असतो. रक्ताचा थेंब इवलासा, त्यात तो मिसळला की आकडा भलताच वर जातो. स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसून तो थर जाईलच असे नाही. शिवाय स्पिरिट ओले असताना टोचले तर थेंब पातळ होतो आणि पसरतो. बोळा लावलाच तर तो वाळू द्या.

सुई, म्हणजे लॅन्सेट, तुमच्या डोळ्यांसमोर नवीन फोडली गेली पाहिजे. इथे भीड बाळगू नका. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला लागली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका असतो. पेनासारखे जे टोचण्याचे यंत्र येते, ते एका माणसाने घरी वापरण्यासाठी असते. आतली सुई बदलली तरी पेनाच्या टोकाला रक्त लागलेले राहू शकते. दुकानात किंवा शिबिरात एकदाच टोचून आपोआप बंद होणारी सुई असावी. ती नसेल तर बोट मागे घ्या. टोचणाऱ्याच्या हातात नवे मोजे हवेत. वापरलेली सुई कुठे टाकतात तेही बघा. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा साध्या कचऱ्याच्या बादलीत पडत असेल तर ते दुकान या कामासाठी योग्य नाही.

मग पट्टी. लहान डबीतून पट्टी काढली की झाकण लगेच लागले पाहिजे. पट्टीवर एन्झाइमचा थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते, बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजते. हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने हा थर बिघडतो. डबीवर मुदतीची तारीख असतेच. त्याखेरीज डबी उघडल्यापासून किती दिवसांत संपवायची तेही लिहिलेले असते. काही कंपन्यांचे तीन महिने, काहींचे जास्त. एप्रिल-मेच्या नगरच्या उन्हात पत्र्याच्या दुकानात, रस्त्याकडेच्या काचेला चिकटून ठेवलेली डबी आतून काय झाली असेल कोण जाणे. तारीख विचारायला लाजू नका. दुधाच्या पिशवीवरची बघताच ना?

बोटाच्या टोकावर टोचण्यापेक्षा कडेला टोचले तर दुखते कमी. मधले, अनामिका किंवा करंगळी पुढे करा. अंगठा आणि तर्जनी कामाला लागतात. थेंब येत नसेल तर बोट पिळू नका. हात खाली सोडून हलवा. थंडीच्या सकाळी कोमट पाण्यात बुडवा. हात धुतलेले नसतील आणि सोय नसेलच, तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्यावा. पट्टी थेंबाला लावायची, ती स्वतःच रक्त ओढून घेते. कमी पडले म्हणून वरून आणखी चोपडायचे नाही. पट्टी वाया गेली असे समजून नवी घ्यायची.

आकडा आला की चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसते ‘शुगर १७८’ लिहून उपयोग नाही. तारीख, वेळ, शेवटचा घास किती वाजता आणि काय खाल्ले, कोणती गोळी चालू आहे, एवढे सोबत हवे. डॉक्टर हेच चार प्रश्न विचारतात आणि तेव्हा कोणालाच काही आठवत नाही.

आकडा वाचायचा कसा?

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पोटात काही नाही. साधे पाणी चालते. बिनसाखरेचा दुधाचा चहादेखील उपास मोडतो. सकाळची मिश्री आणि तंबाखूही तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवा. अशा स्थितीत १०० च्या आत आकडा ठीक. १०० ते १२५ ही बॉर्डर. १२६ किंवा वर गेला तर लॅबमध्ये जायचे. जेवणानंतरची शुगर पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी बघतात, ताट उचलल्यापासून नव्हे. ती १४० च्या आत असावी. १४० ते १९९ असली तर पुढची तपासणी हवी आणि २०० च्या वर असेल तर आठवडाही थांबू नये.

पण बाजारात बहुतेकांची तपासणी कधीतरी, अधल्यामधल्या वेळेला होते. तिला रँडम म्हणतात. सरकारी तपासणीत रँडम १४० किंवा वर आली की माणसाला पुढे पाठवतात. तुम्हीही तोच नियम धरा. काकांचे १७८ या खान्यात बसतात : गोळी नको, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची रीतसर तपासणी हवी. रँडम २०० च्या वर आणि सोबत तहान, लघवी, वजन उतरणे अशी लक्षणे असतील तर मधुमेह असण्याची शक्यता दाट. ३०० च्या वर असून उलट्या, पोटदुखी, धाप किंवा ग्लानी असेल तर रिपोर्टच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी दवाखाना; वाहन नसेल तर १०८ ला फोन. मशीनवर ‘एचआय’ ही इंग्रजी अक्षरे आली म्हणजे शुगर मशीनच्या मोजमापाबाहेर गेली आहे. त्याला मशीन बिघडले समजून घरी जाणारेही आहेत.

उलट बाजूने ७० च्या खाली गेली आणि घाम, थरथर, भोवळ येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचे नाही, थेट दवाखाना. शुगर असलेल्या माणसाला साखर कशी द्यायची, असा घोळ घालत बसणारे नातेवाईक या वेळी फार घातक ठरतात.

परदेशातल्या मुलाने, भाच्याने आणलेल्या मशीनवर ७.२ असा आकडा दिसला तर हायसे वाटून घेऊ नका. तिकडे मोजण्याचे एकक वेगळे आहे. त्या आकड्याला १८ ने गुणा. ७.२ म्हणजे आपले सुमारे १३०.

ग्लुकोमीटर लॅबइतका काटेकोर नसतो आणि असण्याची अपेक्षाही नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यात वरखाली १५ टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे खरी शुगर २०० असेल तर मशीन १७० ही दाखवू शकते आणि २३० ही. दोन दुकानांत दोन आकडे आले म्हणून एकजण फसवतोय असे होत नाही. जेवणानंतर तर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर थोडी जास्तच असते. अंगात रक्त कमी असेल तरी मशीन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला आहे. तेव्हा घरातल्या बाईचा आकडा वर आला तर सोबत हिमोग्लोबिनही बघून घ्या.

मग लॅब

मधुमेह आहे की नाही, हे शिरेतले रक्त लॅबमध्ये तपासूनच ठरते आणि लक्षणे नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या पद्धतीने पडताळतात. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची तपासणी करा, सोबत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. ती ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ आणि वर मधुमेह. तिला उपाशी राहावे लागत नाही. तपासणीच्या आधी दोन दिवस अर्धी भाकरी खाऊन, पुरणपोळीकडे पाठ फिरवून डॉक्टरांसमोर चांगला आकडा नेण्याची जी हौस असते, ती या तपासणीपुढे चालत नाही. मात्र लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर ही सरासरी खोटी वर जाऊ शकते. सिकलसेलसारख्या आजारात तर ती भरवशाचीच राहत नाही. अशा वेळी डॉक्टर उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या आकड्यांवर विसंबतात.

एक बारीक गोष्ट फारसे कोणी बघत नाही. शुगरचे रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घ्यायचे असते. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. तासाला पाच-सात टक्के शुगर अशीच उतरते. राखाडी नळीतले फ्लोराइड ही घट रोखते. आपल्याकडे गावात नमुना घेतात आणि तो दुचाकीवरून तालुक्याला, तिथून नगर-पुण्याला जातो. चुकीच्या नळीत गेलेला १३५ वाटेत ११५ होऊन पोहोचला तर तुम्ही बॉर्डरवर आहात असे समजून वर्षभर निवांत राहाल. झाकणाचा रंग बघायला पैसे पडत नाहीत. एचबीए१सीची नळी वेगळी, जांभळ्या झाकणाची.

ज्यांची औषधे आधीच चालू आहेत त्यांनी जेवणानंतरची तपासणी रोजचे जेवण आणि रोजची गोळी घेऊनच करावी, नाहीतर त्या आकड्यावरून औषधाचा उपयोग कळतच नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लॅबच्या रांगेत ताटकळू नये. आधी फोन करून पहिला नंबर मागून घ्यावा. त्या सकाळच्या इन्सुलिनचे आणि गोळीचे काय करायचे, हे आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

गुडघ्याच्या, कमरेच्या दुखण्यावर कुठून तरी आणलेल्या पुड्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड घातलेले सापडते. दुखणे झटकन थांबते आणि शुगर चढते. ती पुडी एकदम बंदही करायची नसते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते.

काउंटरवरची गोळी

मेटफॉर्मिन असो की ग्लिमेपिराइड, शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात. नियमाचा मुद्दा सोडा, व्यवहार बघा. ग्लिमेपिराइड शुगर उतरवते, मग तुम्ही जेवला असा वा नसा. मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाने ती घेतली आणि एकादशीचा उपास धरला तर रात्री शुगर पन्नासच्या खाली जाऊन तो अंथरुणात बेशुद्ध पडू शकतो. घरच्यांना वाटते, झोप लागली. मेटफॉर्मिन त्या मानाने सौम्य, पण मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर तीही चालत नाही. म्हणजे गोळी सुरू करण्याआधी निदान क्रिएटिनिन तपासायला हवे, आणि ते काउंटरवर होत नाही.

शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून गोळी नेणे आणि पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर तीच गोळी चालू ठेवणे, हे दोन प्रकार मेडिकलवाल्यांनाही पाठ आहेत. त्यांतले चांगले असतात ते हटकतात. हटकणारा मेडिकलवाला सोडून शेजारच्या दुकानात जाऊ नका. तोच तुमच्या कामाचा.

पैसे न मोजता

मेडिकलमध्ये बोटातली तपासणी थोडक्या पैशांत होते, पण तीच उपकेंद्रात फुकट होते. तुमच्या गावचे उपकेंद्र आता बहुधा आयुष्मान आरोग्य मंदिर झाले असेल. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तिशीपुढच्या माणसांची शुगर आणि बीपी तपासणे हे त्यांचे ठरलेले काम आहे. आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातला आजार असे प्रश्न असलेला फॉर्म भरतात. तो नुसता सरकारी कागद समजून ‘लिहा काहीही’ म्हणू नका. त्यातल्या गुणांवरूनच तपासणीला आधी कोणाला बोलवायचे ते ठरते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचे उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात मोफत आहेत. रक्ताच्या तपासण्यांसाठी प्राथमिक केंद्रातून नमुने महालॅब या सरकारी तपासणी योजनेच्या लॅबकडे जातात. जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा वेगळा कक्ष असतो. रांग लागते, कधी एखादी गोळी संपलेली असते, हे खरे. पण महिन्याच्या औषधांचा खर्च आयुष्यभराचा आहे, तेव्हा ही रांग परवडते.

याच जिल्ह्यातल्या जामखेडने एक गोष्ट जगाला करून दाखवली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाचे मर्म मला असे वाटते की तपासणारी बाई त्याच गावात राहत होती. आठवड्याने पुन्हा दारात येऊन ‘गेली होतीस का दवाखान्यात?’ असे विचारणारी. मेडिकलच्या काउंटरवर नेमकी हीच गोष्ट नाही. आकडा देणारा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. म्हणून तो आकडा लिहिलेली चिठ्ठी घेऊन त्याच आठवड्यात आशाताईंकडे जा. मग मागे लागायचे काम त्या करतात.

गरोदर बाईची गोष्ट वेगळी आहे. तिच्यासाठी मेडिकलमधली तपासणी उपयोगाची नाही. तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात. जेवली असली तरी चालते. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार लगेच सुरू होतात. ही तपासणी पहिल्या भेटीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते. प्राथमिक केंद्रात विचारा.

घरचे मशीन

मधुमेह ठरला, विशेषतः इन्सुलिन सुरू झाले, की घरात मशीन हवे. दुकानदार मशीन स्वस्तात, कधी पट्ट्यांसोबत फुकटही देतो. खर्च असतो तो पट्ट्यांचा. आधी पट्टीची किंमत विचारा आणि ती तुमच्या तालुक्यात बारा महिने मिळते का ते बघा. एका मशीनला दुसऱ्याची पट्टी चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल मागून घ्या. मशीन घेतल्यावर पहिल्यांदा लॅबला जाल तेव्हा ते सोबत न्या. शिरेतून रक्त काढतात त्याच मिनिटाला उपाशीपोटी बोटातलेही मोजा आणि रिपोर्ट आल्यावर दोन्ही आकडे ताडून बघा. पंधरा टक्क्यांच्या आत असतील तर मशीन ठीक आहे.

वापरलेल्या सुया घंटागाडीत सुट्या टाकू नका, सफाई कामगाराच्या हातात घुसतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, भरली की बूच घट्ट लावून उपकेंद्रात नेऊन द्या.

आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ज्या घरांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयता निघतो, त्यांच्यासाठी थोडे वेगळे. एकदा टोळी कारखान्यावर गेली की पाच-सहा महिने परत येणे नाही. तिकडे दिवस पहाटे सुरू होतो आणि जेवणाची वेळ गाडी भरण्यावर ठरते. ज्यांना शुगर आहे त्यांनी निघण्याआधीच्या आठवड्यात उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणी करावी, कामाच्या आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांना सांगून गोळ्यांच्या वेळा बसवून घ्याव्यात आणि जास्तीत जास्त दिवसांचे औषध मागून घ्यावे. फडात उतरताना खिशात साखरेची पुडी असावी, पायात बूट असावा. उसाच्या खुंटाने झालेली जखम रोज संध्याकाळी धुऊन बघावी, कारण पायाला बधिरपणा आला असेल तर ती दुखत नाही. चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या आणि जोडीदाराच्याही फोनमध्ये ठेवा. गोळ्या संपल्या तर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवता येतो आणि तिथल्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.